मीठ बरोबर आहे

मुक्तानं दडप्या पोह्यांची बशी पुढे केली. घास घेऊन मी म्हणाले, "छान झालेत गं." ती लगेच म्हणाली, "कसले छान! मीठ कमीच पडलंय." मीठ अगदी बरोबर होतं.

माझी ही भाची एमबीएच्या प्रवेशासाठी निबंध लिहीत होती. तुमच्या कर्तृत्वाचा एखादा प्रसंग सांगा, असा प्रश्न होता. ती नोकरी करते त्या औषध कंपनीच्या गोदामात पाणी शिरलं तेव्हा साहेब रजेवर होते. माणसं गोळा करून सगळी औषधं वरच्या मजल्यावर हलवली ती हिनं. निबंधात मात्र लिहिलं होतं, 'सर्वांच्या सहकार्याने माल वाचला.'

"आणि तू कुठं होतीस?"

"मावशी, स्वतःबद्दल लिहायला कसंतरीच वाटतं गं."

मला तिच्याबद्दल मायाच वाटली. कौतुक दारातूनच परत पाठवायचं, हे आपणच तर मुलींना शिकवतो. साडी छान म्हटलं की जुनीच आहे म्हणायचं. समोरचाही आपल्यातलाच असतो, तो पुन्हा आग्रह करतो आणि मग आपण हळूच सुखावतो. पण तिकडे निबंध वाचणारा कुठला आग्रह करायला! मीठ कमी आहे म्हटलं, की तो मुकाट्यानं बशी बाजूला सारणार.

"मुक्ता, मीठ बरोबर आहे," मी म्हणाले. "घडलं तेवढंच लिही."

जुनी ओळ खोडून तिनं लिहिलं, 'साहेबांची वाट न बघता मी निर्णय घेतला.' वाचून दाखवताना तिचे कान लाल झाले होते.

"तुझ्यामुळे जमलं, मावशी."

"छे गं," मी म्हणाले, "मी कुठं काय केलं?"