राहून गेलेलं उष्टावण

माझी मुलगी सात महिन्यांची होत आली तरी तिच्या पोटात दुधापलीकडे काही गेलं नव्हतं. आमच्याकडे बाळाला पहिला घास मामा भरवतो. भाचीला मांडीवर घ्यायचं, चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीनं तिच्या जिभेला लावायची, झालं उष्टावण. ते होईपर्यंत बाळाला अन्न द्यायचं नाही. आणि माझ्या मुलीला मामा राहिला नव्हता.

माझा एकुलता एक भाऊ, माझ्याहून धाकटा. मी गरोदर असतानाच तो मनमाडच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला आणि गेला. नांदगावच्या बाजारात त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. वडील आमच्या लहानपणीच वारलेले, त्यामुळे घरात तो आणि आई दोघंच. मला दिवस गेल्याचं कळल्यापासून त्यानं मला पिडायला सुरुवात केली होती. "खीरबीर तुमची तुम्ही खा. मी नाशिकला येऊन भाचीला थेट मिसळच चारणार. लय तिखट लागली तर पाव हाय की." भाचीच होणार हेही त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

माझ्या सासूबाई चांगल्या आहेत. चांगल्या माणसांचा एक त्रास असतो, समोरचा दुखावेल म्हणून ती गप्प बसतात. उष्टावणाचा विषय माझ्या माहेराहून निघावा, आपण काढला तर जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल, असं त्यांना वाटत होतं. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. पाचवा लागला तेव्हा त्यांनी कॅलेंडर खाली काढलं, चाळलं आणि काही न बोलता परत खिळ्याला अडकवलं. सातवा लागला तेव्हाही तेच. तिकडे आई फोनवर बाळ झोपलं का, सर्दी गेली का, एवढंच विचारायची. मुलीच्या सासरचे काय म्हणतील या धाकानं तिला विषय काढवत नव्हता, आणि मामा कुठून आणायचा हेही तिला सांगता येत नव्हतं. दोन्ही घरं एकमेकांची मनं जपत बसली होती.

नवऱ्यानं एकदा धीर केला. "तुझ्या चुलतभावाला बोलवू. नाहीतर देवळात करू. पंचवटीत राहतो आपण, देवळांना काय तोटा?"

"बोलवा," मी म्हटलं. "आणि तुम्हाला बायकोही चुलतच आणा."

त्यानंतर तो त्या वाटेला गेला नाही. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण दुसऱ्या कुणाच्या मांडीवर माझी मुलगी बसलेली मला बघवली नसती. भावाची तेवढी एकच जागा उरली होती आणि ती मला रिकामीच हवी होती.

बाळाला हे कोण समजावणार? आम्ही जेवायला बसलो की ती आमच्या तोंडांकडे बघायची. घास वर गेला की तिची मान वर, आम्ही चावायला लागलो की तिचेही ओठ हलायचे. सासूबाईंना ते सहन होईना. त्या तिच्याकडे पाठ करून जेवायला लागल्या. मग आम्ही सगळेच आळीपाळीनं, स्वयंपाकघराचं दार लोटून जेवायला लागलो.

लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. वजन वाढायचं थांबलं होतं. "नुसत्या दुधावर किती दिवस ठेवणार? वाट कशाची बघताय?" सासूबाईंनीच सांगितलं, "हिचा भाऊ गेलाय हो." डॉक्टरीणबाईंनी बाळाला उचलून माझ्याकडे दिलं. "वाईट झालं. पण बाळ उपाशी आहे. मऊ भात, मुगाची डाळ, नाचणीचं सत्त्व, काहीही द्या, पण आता थांबू नका."

रिक्षा आमच्या गल्लीच्या तोंडाशी अडली. पुढे भाजीची हातगाडी होती. तिथं बसल्या बसल्याच सासूबाई पहिल्यांदा सरळ बोलल्या. "उद्याच आईकडे जा. त्यांना विचार. त्या म्हणतील त्याच्या हातून करू. पण विचारून ये."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं आम्हाला नांदगावला सोडलं आणि तो कामाला परत गेला. आई दारात उभी होती. ती इतकी वाळली होती की पदर खांद्यावर ठरत नव्हता. सकाळभर ती बाळाला खेळवत होती आणि विचारायचे शब्द काही माझ्या तोंडातून निघत नव्हते. दुपारी तिनं पानं वाढली. बाळ तिच्याच मांडीवर होतं. तिनं वरणभात कालवला, एक घास वळला आणि स्वतः न खाता ताटाच्या कडेला ठेवला. हे ती पूर्वी करत नव्हती.

"त्याच्यासाठी?" मी विचारलं.

"रोज काढते. मागून कावळ्याला ठेवते. नायतर मला जेवण जात नाय."

ती माझ्याकडे बघून बोलत होती तेवढ्यात बाळ पुढे झुकलं, पाची बोटं त्या घासात खुपसली आणि मूठ तोंडात घातली. आईनं पटकन तिचा हात धरला, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या तोंडात घातलं. "काढ, काढ. गेलेल्याचं हाय ते, लेकराला नाय देत." बाळानं हिरड्या आवळल्या. आईचं बोट बाहेर आलं तेव्हा त्याला एकच शीत लागलं होतं. बाकीचं गिळून बाळ पुन्हा ताटाकडे झेपावत होतं.

आई ते बोट तसंच धरून बसली. मी म्हटलं, "आई, हिचं उष्टावण कुणाच्या हातून करायचं, ते विचारायला आले होते."

अर्धा घास अजून ताटाच्या कडेला होता. तो आईनं उचलला, दोन बोटांत मऊ चुरला आणि बाळाच्या ओठांशी नेला. "खा बाई. तुझ्या मामाच्या वाटचं हाय."

बाळानं तोंड उघडलं. आई रडली नाही, मीच रडले. इतके महिने मी कुणाला जागा देत नव्हते, कारण तो येईल असं मला कुठंतरी वाटत होतं. शिकलेली बाई मी, त्याच्या अंत्यविधीला गेले होते, तरी वाटत होतं. आता त्याच्यासाठी थांबवून ठेवलेलं काही उरलं नव्हतं. तो गेला हे मला त्या दुपारी पटलं.

सासूबाईंना फोन करून उष्टावण झालं म्हणून सांगितलं. कुणी भरवलं ते त्यांनी विचारलं नाही, भातात थोडं तूप घाल एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आईनं बाळासाठी वेगळा भात कुकरला लावला, चांगला गुरगुट्या. मी मुलीला भरवत होते. आई शेजारी जेवायला बसली, वरणभात कालवला आणि पहिला घास सरळ तोंडात घातला. दुसराही. ताटाची कड स्वच्छ होती. मला तिचा इतका राग आला की हातातली वाटी खाली ठेवावी लागली. बाळ तोंड उघडून थांबलं होतं, मग मी वाटी पुन्हा उचलली.