उलट्या जोडीचं गिऱ्हाईक

"जरा चालून बघा की," असं म्हणत काका पायरीवरून गल्लीच्या टोकाकडे हात करायचे. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या चपलांच्या दुकानाचा तो नियमच होता. नवी चप्पल घालायची, टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत येऊन काय ते बोलायचं. आरशासमोर दोन पावलं टाकून "बसली" म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"कुणी तशीच घालून पळालं तर?" मी एकदा विचारलं.

"पळू द्या की. चावती का नाय, ते लवकर कळंल."

दुष्काळाच्या वर्षांत ती टाकी कोरडी पडली आणि गल्लीत टँकर येऊ लागले. खेड्यांतून कामाला आलेली माणसं शहराच्या कडेकडेने वसत होती. धुळीने भरलेले पाय घेऊन दुकानात शिरायला ती संकोचायची, म्हणून काकांनी दाराशी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवलेला असे. मागच्या घरातून काकू ओरडायच्या, "प्यायला पानी नाय, अन् तुमचं पाय धुनं चाललंय!" काका बादलीतलं पाणी निम्मं करायचे, पण बादली हलवायचे नाहीत.

घरात पडल्यापासून माझ्या आईचा उजवा पाय कायमचा सुजलेला. मोठी चप्पल घेतली की डावा पाय निसटायचा. काकांनी तिची पावलं नीट पाहिली आणि सरळ दोन जोड फोडले. डावी सहा नंबरची दिली, उजवी सात नंबरची. उरलेल्या दोन एका खोक्यात घालून वरच्या फळीवर ठेवल्या.

"अहो काका, त्या कोण घेणार?" मी विचारलं.

"डावा पाय सुजलेलं कुनीतरी असंलच की, ताई. येईल."

आईची चप्पल झिजली की पुन्हा तेच व्हायचं. फळीवर खोकी वाढत गेली आणि काकू कपाळाला हात लावत राहिल्या.

मग मोबाईलवर चपला मिळू लागल्या. तुम्हीही पाहिली असतील अशी गिऱ्हाइकं: ती यायची, टाकीपर्यंत चालून यायची, नंबर बघून फोटो काढायची आणि "नंतर येतो" म्हणून जायची. मला राग यायचा. काका मात्र म्हणायचे, "पाय तर इथंच येतेत ना?" मागवलेला बूट चावायला लागला की तीच मंडळी तो घेऊन यायची. काका आत पावलाच्या आकाराचा लाकडी फर्मा घालून तो सैल करून द्यायचे. "मोबाईलला पाय दिसत नाय वो," एवढाच त्यांचा टोमणा.

पण फर्म्यावर दुकान चालत नाही. एका दिवाळीनंतर त्यांनी उरलेला माल मिळेल त्या भावाला काढला. नांदेडला लेकीकडे निघाले, त्या सकाळी फळीवरची खोकी घेऊन गल्लीतल्याच माझ्या दारात आले.

"ही तुमच्याकडं असू द्या. गिऱ्हाईक आलं तर इथंच येईल, नांदेडला कुठं शोधनार?"

पुढच्याच हिवाळ्यात ते नांदेडला वारले. दुकानात आता पार्सलं उतरतात.

गेल्या उन्हाळ्यात त्या शटरसमोर एक बाई लंगडत घुटमळताना दिसली. खुलताबादहून आली होती.

"ताई, दोन पायांला दोन मापाची चप्पल द्यायचे, ते दुकान इथंच व्हतं ना?"

मी तिच्या पायांकडे पाहिलं. डाव्या चपलेचा पट्टा कापून सुतळीने बांधला होता. मी तिला घरी आणलं आणि खोकी खाली काढली. तिने धुळीच्या पायांकडे पाहून हात मागे घेतला, तेव्हा मी आधी पाण्याचा तांब्या आणला.

चपला घालून ती उभी राहिली. "बसली," म्हणाली.

"जरा चालून बघा की," मी म्हटलं आणि टाकीकडे हात केला.

ती गेली. सुरुवातीला जपून, मग मोकळ्या पावलांनी. टाकीपासून वळून येताना ती लंगडत नव्हती, आणि त्या वेळी पायरीवर काका हवे होते, असं मला फार वाटलं.