मुरलेलं लोखंड

रेडिओवालीच्या परसात एवढे खड्डे झाले होते, की तिच्या आईला कपडे वाळत घालायलाही उड्या मारत जावं लागे. गावातले मुके रेडिओ बोलते करणारी ही बाई; पण स्वतःच्या हातांनी जोडलेलं धातुशोधक यंत्र काही तिला दाद देत नव्हतं. ती रोज काहीतरी पुरायची. गंजका पाना, फुटका तवा, बिनकिल्लीचं कुलूप. मग वरून यंत्राची थाळी फिरवायची. वस्तू वीतभर खाली असली की यंत्र चिवचिव करी. हातभर खाली गेली की ढिम्म.

आणि तिला शोधायचं होतं ते कमरेइतकं खोल होतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी बस डेपोला आग लागली, तेव्हा तिचे वडील, म्हणजे आप्पा, तिथलं स्टोअर सांभाळत. त्या धावपळीत छपराचा वासा त्यांच्या डोक्यात पडला आणि माणूस शुद्धीवर आला तो अर्धामुर्धाच. मोजमापाच्या भारी हत्यारांची लोखंडी पेटी मात्र गायब. विचारलं की आप्पा म्हणत, ‘‘चरात आहे. कमरेइतकी खाली. नीट आहे.’’ पाइपासाठी खणलेला तो चर आगीनंतर बुजवून टाकला होता आणि तो नेमका कुठून गेला होता हे कुणालाच सांगता येईना. दोनचार जागी खणून पाहिलं, हाती माती लागली. मग फोरमन सगळ्यांदेखत म्हणाला, ‘‘कसला चर? पेटी आगीआधीच विकून मोकळा झालाय हा!’’

तेव्हापासून आप्पा ‘पेटीवाले’ झाले. त्यांना त्याचं सुखदुःख उरलं नव्हतं, पण लेकीला ते नाव अंगावर उकळतं पाणी पडल्यासारखं लागे. आता तोच फोरमन डेपोचा प्रमुख झाला होता आणि डेपोचं मागचं अंगण सिमेंटचं होणार होतं. एकदा सिमेंट पडलं की आप्पा कायमचे चोर ठरणार होते. तिने पेटी शोधण्याचा चंगच बांधला.

‘‘ताई, तुझं यंत्र आईचा चष्मा शोधायला ठीक आहे,’’ धाकटा भाऊ म्हणाला. सगळे खड्डे खणून त्याचे हात सोलवटले होते, तेव्हा चेष्टेचा हक्क त्याचाच.

‘‘तू खण. बडबड नको.’’

तिने तारेचं वेटोळं मोठं केलं, बॅटरी बदलली, पुन्हा पुरलं, पुन्हा फिरवलं. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. तवा खाली आहे हे तिला ठाऊक, यंत्राला मात्र पत्ता नाही. वैतागून ती कुंपणापाशी गेली. थाळी हातात लोंबत होती, आणि यंत्र एकाएकी घुमलं. चिवचिव नव्हे, घागरीत तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसं.

‘‘इथे काय पुरलंस रे?’’

‘‘काही नाही! शपथ!’’

भाऊ खणत गेला. गुडघ्याएवढं झालं, मांडीएवढं झालं, त्याच्या तोंडून नको नको ते शब्द निघाले, आणि अखेर कमरेपाशी एक कुदळ लागली. दांडा कुजून गेलेला, भोवतालची माती गंजाने तांबडीलाल.

आई वाळलेले कपडे काढता काढता म्हणाली, ‘‘ती जुनी आहे गं, मुरलेली. तू आज पुरतेस आणि लगेच चव बघतेस. मुरायला नको का?’’

रेडिओवाली मटकन खड्ड्याच्या काठावर बसली. यंत्रात खोट नव्हतीच, खोट परीक्षेत होती. तिने पुरलेलं लोखंड मातीत नवखं होतं आणि वरची मातीही भुसभुशीत. या कुदळीचा गंज मात्र वर्षानुवर्षं मातीत झिरपला होता. यंत्राला ती होती त्याहून कितीतरी मोठी दिसली. आणि आप्पांची पेटीही काही काल पुरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती डेपोत हजर. आप्पांनाही बरोबर आणलं, खुर्चीसकट. खडी पसरणारे मजूर तोंड फिरवून हसले. फोरमन म्हणाला, ‘‘सिमेंटची गाडी येईपर्यंत काय ते करून घे.’’

अंगणभर नटबोल्ट सांडलेले. यंत्र पावलोपावली चिवचिवत होतं. तिने तिकडे कानाडोळा केला. तिला तो हुंकार हवा होता. भिंतीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून भिंतीपर्यंत ती फिरत राहिली. गाडी आली, फाटकात उभी राहिली, ड्रायव्हरने भोंगा वाजवला. ती थांबली नाही. पाण्याच्या टाकीमागे यंत्र घुमलं, तेव्हा तिला एकदम रडूच आलं.

भावाने आज चकार शब्द न काढता खणलं. कमरेइतक्या खोलीवर फावडं खणकन वाजलं. पेटीचं झाकण पहारीने उचकटावं लागलं. आत तेलकट फडक्यांत गुंडाळलेली हत्यारं जागच्या जागी होती, एकही कमी नव्हतं.

फोरमनने एक फडकं उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. त्याला वर बघवेना. ‘‘आप्पा,’’ तो कसाबसा म्हणाला, ‘‘पेटी मिळाली. मी तुम्हाला चोर म्हणालो होतो.’’

आप्पांना ते कळलं की नाही, कोण जाणे. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग फोरमनकडे, आणि खुर्चीचे हात धरून उठायची धडपड केली.

‘‘पोचली ना साहेब सगळी? मग माझी ड्युटी संपली का? घरी जाऊ?’’