सल्लागार मास्तरांचा बंब

गिरगावात आमच्या शेजारच्या खोलीत एक मास्तर राहायचे. कोणत्या मुलानं पुढे काय शिकावं, हे पालकांना सांगण्याचं काम शाळेनं त्यांच्यावर सोपवलं होतं. बोलताना ते डोळे मिटायचे आणि प्रत्येक वाक्य 'मुळात'नं सुरू करायचे. "मुळात, घरातल्यांचं ऐकून घ्या," असं पालकांना सांगता सांगता ते बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, "तू मध्ये बोलू नकोस" असंही बजावायचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात एके दिवशी काकू त्यांना न विचारताच गेल्या आणि पकडल्या गेल्या. काकू तुरुंगात होत्या तोवर मास्तर आमच्याकडे जेवले. "मुळात, ती भावनाप्रधान आहे," असं ते आमटी वाढून घेताना म्हणायचे.

काकू सुटून आल्या तेव्हा सगळ्या चाळीनं त्यांना ओवाळलं. गळ्यातल्या हारासकट त्या घरात शिरल्या. मास्तरांनी डोळे मिटले. "मुळात..."

"आधी आंघोळीला पाणी तापवा," काकू म्हणाल्या. "मग ऐकते."

बंबाशी बरीच खटपट करून मास्तर आमच्या दारात आले आणि आईला हळूच म्हणाले, "वहिनी, हा पेटवतात कसा हो?"

"घरातच विचारा की," आई म्हणाली.

मास्तर बराच वेळ आमच्या उंबऱ्यावरच उभे राहिले.