बैलांच्या बादलीतलं उरलेलं पाणी

पोळ्याच्या दिवशी दुपारी आमची मांजर चालता चालता एका अंगावर कलंडली, तेव्हा मी गॅस बंद केला आणि सगळ्यात आधी सासूबाईंकडे रोखून पाहिलं. मांजरीकडे नंतर.

देवळीजवळच्या एका गावात आमचं घर. कापूस आणि सोयाबीनची शेती, एक बैलजोडी, एक कुत्रा आणि ही मांजर. बैलांचं सगळं नवऱ्याकडे, कुत्र्या-मांजरीचं माझ्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली होती. मी माझी बाजू मोठ्या थाटात सांभाळायची. उन्हाळा लागायच्या आत दोघांच्या लशी झालेल्या असत. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे जिवाला घोर, म्हणून कूलरसमोरची जागा आधी त्या दोघांची, मग माणसांची. पावसाळ्यात रोज संध्याकाळी कुत्र्याला आडवं पाडून गोचीड वेचायची. दिवाळीत फटाके सुरू झाले की त्याला आतल्या खोलीत नेऊन, टीव्हीचा आवाज वाढवून मी स्वतः त्याला थोपटत बसायची. कोणी त्यांना तिखट-गोड काही घातलं की त्या माणसाची धडगत नसे. नवरा एकदा म्हणाला, "आमाले बी इतकं जपत जा." मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी नवऱ्यानं बैल धुतले. अंगावर झूल चढवण्याआधी आमच्या घरी बैलांना गोचिडाच्या औषधाच्या पाण्यानं पुसून काढतात. गोचीड लटकलेला बैल तोरणाखाली उभा करायचा म्हणजे चारचौघांत शोभा. बैल पुसून झाले, बादलीत तळाशी पाणी उरलं. ते मी उचललं आणि न्हाणीमागे कुत्र्याला त्यानं चोळून काढलं. पाणी पातळ वाटलं म्हणून वरून आणखी एक झाकण औषध ओतलं. इतके दिवस वेचून थकलेली मी, एका झटक्यात सुटका होईल म्हणून खूश होते. मग हात धुतले आणि पुरणाला लागले.

आता मांजर स्वयंपाकघराच्या दारात पडली होती. तिचे कान फडफडत होते, तोंडातून लाळ गळत होती आणि मागचे पाय थरथर कापत होते.

"आई, काय घातलं तुमी तिले?" मी विचारलं.

"काई नाई घातलं वो."

"पुरन घातलं असन. नाईतर कढी. मी हजारदा सांगतलं हाय."

"नाई म्हनते न मी."

मी ऐकून घ्यायला तयारच नव्हते. सणाच्या दिवशी, सत्तरी गाठलेल्या बाईला मी नाही नाही ते बोलले. अंगणात शिंगं रंगवत बसलेला नवरा रंगाचा ब्रश हातात घेऊन तसाच आत आला. त्याच्यासमोर मी वर्ध्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला, म्हणजे काय काय घातलं ते सासूबाईंनी स्वतःच सांगावं.

डॉक्टरांनी लक्षणं ऐकली आणि खाण्याबद्दल विचारायच्या आधी विचारलं, "आज पोळा आहे. गोचिडाचं औषध काढलं असेल ना घरात?"

"बैलांना लावलं," मी म्हणाले, "पण मांजर गोठ्यात जात नाही."

"आणि कुत्र्याला?"

रोज दुपारी ती दोघं एकमेकांना बिलगून झोपतात आणि मांजर त्याची मान चाटते, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. समोर नवरा उभा होता. सासूबाई भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हणाले.

का म्हणाले? खोटं बोलायचं ठरवलंही नव्हतं. आत्ताच त्यांच्यावर एवढं खापर फोडलं होतं, ते त्यांच्यादेखत आपल्याच डोक्यावर घ्यायला जीभ वळली नाही, एवढंच.

"मग पोटात काही गेलं असेल. लगेच घेऊन या," डॉक्टर म्हणाले. मी फोन ठेवला. नवरा खोका शोधायला धावला. तेवढ्यात मांजरीला झटका आला. अंग ताठ, मान मागे, डोळे उघडेच. आपण हिला मारतोय, आणि निव्वळ तोरा सांभाळायला मारतोय, हे मला कळलं. मी पुन्हा फोन लावला.

"डॉक्टर, कुत्र्याला लावलं होतं. बैलांच्या बादलीतलं. वरून आणखी टाकलं होतं. मीच."

ते चिडले नाहीत, भराभर सांगत गेले. ते औषध मांजरीला विष असतं. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून तिला धुवा, कोरडी करा, उबेत गुंडाळा. तोंडात दूध, तेल काही घालू नका. कुत्र्यालाही धुवून वेगळा बांधा. औषधाची बाटली सोबत आणा.

मी वळून पाहिलं तर सासूबाईंनी अंगणातल्या चुलीवरचं कोमट पाण्याचं पातेलं उतरवलंसुद्धा होतं. बैलांची झूल बाजूला सारून आम्ही दोघींनी तिला अंगणातच धुतलं. त्यांनी तिला धरलं, मी साबण लावला. तिनं त्यांच्या मनगटावर ओरखडे काढले, पण त्यांनी पकड सोडली नाही.

मग त्या साबण घेऊन सरळ कुत्र्याकडे गेल्या.

एका बैलाचं एकच शिंग रंगलेलं, तसाच टाकून नवऱ्यानं मोटरसायकल काढली. मी मागे, मांडीवर खोका. रस्ताभर सजवलेले बैल समोरून येत होते, प्रत्येक गावाशी वाजंत्री, प्रत्येक ठिकाणी ब्रेक. टॉवेलखाली हात घालून मी तिचा श्वास चाचपत होते. दोनदा तो लागलाच नाही, आणि दोनदा मी नवऱ्याला काही सांगितलं नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. म्हणाले, झटके थांबले तर वाचेल, आत्ता काही सांगता येत नाही. आम्ही बाकड्यावर बसून राहिलो. दिवस कलता कलता थरथर कमी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मान उचलून पाणी प्यायलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर रडले.

त्याच संध्याकाळी तिला घरी आणलं, तेव्हा गावात मुलांचा तान्हा पोळा होता. रस्त्यावरून मुलं लाकडी बैल ओढत चालली होती. सासूबाई ओसरीत शेंगा सोलत बसल्या होत्या, मनगटाला हळद लावलेली. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "आई, चुकलं माह्यं."

त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"मी तुले बादली नेताना पाह्यलं होतं," त्या म्हणाल्या. "मांजर त्याच्यापाशी झोपते, हे आलतं माह्या मनात."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"बोलनारच होती. पन तुह्याशी बोलाचं म्हनजे मले पयले मनात दहादा घोकावं लागते. तवरीक तू बादली ओतून मोकळी झालती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. रोजची गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं, आणि सोललेल्या दाण्यांचं सूप माझ्याकडे सरकवलं.