अक्कांचा कडक उपास

अक्का डोळे मिटून धातू ओळखायच्या. सातपूरच्या कारखान्यांतून आलेला तुकडा फरशीवर टाकायच्या, आवाज ऐकायच्या आणि म्हणायच्या, "पितळ हाय. पण आत लोखंडाचा खिळा राहिलाय, काढ." मी तो काढायची. त्यांच्या भंगाराच्या दुकानात बारा वर्षं मी माल निवडला. त्यांचा कान चुकलेला मला आठवत नाही.

नवरा गेल्यावर दुकान त्यांनी एकटीनं चालवलं. मोडकी मोटर आली की त्यांना हुरूप यायचा. पाय पसरून बसायच्या, तांब्याची तार, पत्रा, बेअरिंग वेगवेगळं काढायच्या. हमाल थट्टेनं म्हणायचे, अक्का एक दिवस आम्हालाही सुटं करून ठेवतील. त्यावर त्या म्हणायच्या, "तुमच्यात निघण्यासारखं काय हाय रे?"

एकदा लघवीतून रक्त गेलं. दुखत काही नव्हतं, म्हणून आठवडाभर त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मला सांगितलं तेही पत्रा निवडता निवडता. तपासणीत उजव्या किडनीत गाठ निघाली, कॅन्सरची. पसरलेली नव्हती. महिन्याभरात ऑपरेशन करायचं ठरलं.

त्यानंतर अक्कांनी उपास धरले. आधी सोमवार, मग गुरुवार, शनिवार, पुढे रोजच. साबुदाणासुद्धा नाही, नुसतं पाणी आणि कोरा चहा. डबा हमालांना द्यायच्या. बाईनं उपास धरला तर आपल्याकडे कारण कोणी विचारत नाही. सगळ्यांनी नवस समजला आणि लांबून हात जोडले. मीही जोडले.

खरं कारण मला एका दुपारी कळलं. त्यांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दाखवला. त्यातला माणूस सांगत होता, शरीर उपाशी ठेवलं की पेशी स्वतःतलंच जुनंपानं खाऊन टाकतात, सगळी घाण साफ होते. अक्का खूष होत्या. "आपलाच धंदा हाय की हा. गाठ म्हंजे भंगार. दे पेशींच्या ताब्यात." मला ते पटलं नाही, पण मी काही बोलले नाही. चौथी शिकलेली मी, मला काय कळतं, असं वाटलं.

ऑपरेशनच्या आधी दाखवायला गेलो तेव्हा अक्कांना खुर्चीवरून उठवेना. रक्त कमी झालेलं, वजन उतरलेलं. आजार पसरला की काय, म्हणून डॉक्टर मॅडम नव्या तपासण्या लिहायला लागल्या. ऑपरेशन पुढे जाणार होतं. अक्का छताकडे बघत होत्या.

"मॅडम," मी म्हणाले, "या जेवत नाहीत. वीस दिवस झाले."

अक्कांनी असं पाहिलं की मी भिंतीला टेकले. मॅडमनी पेन ठेवलं आणि सगळं विचारून घेतलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पेशी आपलेच झिजलेले भाग मोडून पुन्हा वापरतात हे खरं आहे. चांगल्या किडनीला त्याचा रोज उपयोग होतो. पण गाठ एकदा वाढली की तिच्या पेशीही तेच करू शकतात. बाहेरून खाणं कमी पडलं तर आतलं मोडून दिवस काढतात. तुम्ही खंगाल, ती तग धरेल. तिचं हे काम बंद कसं पाडायचं, यावर शोध चालू आहेत. पण तुमच्यासाठी ऑपरेशन आजच हाताशी आहे, आणि त्याला अंगात ताकद लागते.

अक्का खुर्चीत सावरून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तेबी भंगारवालंच निघालं."

"हो," मॅडम म्हणाल्या.

"मग गाळ्यासकट काढा त्याला. मी जेवते."

रिक्षात त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाल्या, "सुमे, पिठलं टाक." दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. मी चुलीकडे तोंड करून डोळे पुसले. पुढे रोज दूध, अंडी, डाळ आणि डॉक्टरांच्या गोळ्या. ऑपरेशन थोडं लांबलं, पण झालं. उजवी किडनी गाठीसकट निघाली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "सगळं गेलं ना? का तुकडा ठेवला मागं?" काही ठेवलं नव्हतं.

तेव्हापासून प्रत्येक तपासणी स्वच्छ आली. गल्लीत कोणी मोबाइलवरचा उपाय सांगायला आलं की अक्का त्याला बसवून घ्यायच्या आणि पेशींचा धंदा पहिल्यापासून समजावायच्या. माणूस कंटाळून उठेपर्यंत सोडायच्या नाहीत.

यंदा दुकान माझ्या हाती देऊन त्या येवल्याला बहिणीकडे राहायला गेल्या. मी स्टँडवर पोचवायला गेले. बस भरलेली होती. कंडक्टर मागे जा म्हणाला. अक्का हलल्या नाहीत, बोलल्याही नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या कशाची वाट बघताहेत ते मला उशिरा उमगलं.

"यांचं मोठं ऑपरेशन झालंय," मी कंडक्टरला म्हणाले, "पुढं बसवा." आवाज माझाच होता आणि सगळ्या बसला ऐकू गेला. एक पोरगा उठला.

अक्का खिडकीशी बसल्या. बस सुटताना त्या शेजारच्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "ही बोलली, म्हणून मी हाय."