नसेल तर राहू दे

आत्या स्पॅनिश शिकायला गेली ती फी वाया जाऊ नये म्हणून. फी भरली होती भाचीसाठी. भाचीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, ती बॅगा भरून निघून गेली, आणि क्लासच्या बाईंनी कळवलं की पैसे परत मिळणार नाहीत, हवं तर घरातलं दुसरं कोणी येऊ द्या. दादाने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने दादाकडे, आणि मग दोघांनी मिळून आत्याकडे. पातेल्याच्या तळाशी उरलेली भाजी तिच्या ताटात वाढताना दोघांच्या डोळ्यांत जे भाव असत, तेच आताही होते. आत्याने भाजी कधी नाकारली नव्हती, तिने क्लासही नाकारला नाही.

आत्या ही दादाची धाकटी बहीण. भाचीच्या जन्माच्या वेळी वहिनीला हाताखाली म्हणून चार दिवसांसाठी आली ती राहूनच गेली. बाजारातल्या एका कपड्यांच्या दुकानात मागच्या बाजूला तिचं शिलाई मशीन होतं. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं ही तिची कामं. दिवसभर लोक तिच्यापुढे उभे राहून आपल्याला काय हवं ते सांगत. इथे थोडं सैल हवं, तिथे पोट दिसायला नको. आत्या तोंडात टाचण्या धरून ऐके आणि खडूने खुणा करी. घरी आली की बाहेरच्या खोलीतला दिवाण तिचा. तिचे कपडे दिवाणाखालच्या कप्प्यात. टीव्ही बंद होईल तेव्हा तिची रात्र सुरू व्हायची, आणि दादा पेपर घ्यायला दार उघडेल तेव्हा संपायची.

तिला काही नको असे, असं मुळीच नाही. तिला पुष्कळ काही हवं असे. पण मागायची तिची एक पद्धत होती. स्वतःला भूक लागली की ती म्हणे, "दादा जेवायचा खोळंबलाय." उकडायला लागलं की, "वहिनी, तुम्हाला घाम आलाय, पंखा लावू का?" आणि अगदीच वेळ आली आणि स्वतःच्या नावावर मागावं लागलं, तर मागणी पुरी व्हायच्या आतच तिच्या पाठीला पाठ लावून दुसरं वाक्य येई, "नसेल तर राहू दे." समोरच्याला नाही म्हणायचे कष्टसुद्धा पडू नयेत, इतकी ती काळजी घेई. आणि समोरचे खरंच राहू देत.

क्लास चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरे. बाईंनी अर्धं आयुष्य स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखात काढलं होतं. केस बारीक कापलेले, आवाज घासलेल्या पितळेसारखा, आणि शिकवण्याची रीत अशी की टेबलाचं काउंटर व्हायचं, बाई दुकानदार व्हायच्या आणि एकेकाने येऊन काहीतरी मागायचं. वर्गात परदेशी जाऊ पाहणारी काही तरुण मंडळी होती आणि जहाजावर नोकरी धरलेला एक जाडजूड आचारी होता.

पहिल्यांदा आचारी उठला आणि काउंटरवर हात आपटून म्हणाला, "किएरो काफे." मला कॉफी पाहिजे.

बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं की यात चूक काही नाही, घरच्या माणसांत हे चालतं, पण अनोळखी माणसाला असं म्हटलंत तर कॉफी मिळेल, हसू मिळणार नाही. मग त्यांनी फळ्यावर मऊ शब्द लिहिले. 'किसिएरा', म्हणजे हवं होतं. 'मे गुस्तारिया', म्हणजे मला आवडेल. शिवाय नुसतं 'मे पोने उन काफे?' असंही विचारतात, आपण 'एक कॉफी देता का' म्हणतो तसं. सोबत 'पोर फावोर', कृपा करून. आत्याला हे सगळं फार आवडलं. मऊपणा हा तिचाच प्रांत. उच्चारही तिचे चांगले आले, टाचण्या तोंडात धरून बोलायची सवय होती म्हणून असेल. तिने भावासाठी शर्ट मागितला, वहिनीसाठी बिनसाखरेची कॉफी मागितली, भाचीसाठी छत्री मागितली. सगळं सुरेख.

"आणि तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"मला काही नको."

"मग क्लासला कशाला आलात?"

"फी वाया जात होती."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आत्याला पुन्हा काउंटरशी उभं केलं आणि स्वतःसाठी काहीही मागायला सांगितलं. आत्याने एक ग्लास पाणी मागितलं आणि लगेच मराठीत पुढे जोडलं, "नसेल तर राहू दे." बाईंनी खडू खाली ठेवला.

"हे इथे चालणार नाही," त्या म्हणाल्या. "गोड बोलायचं, सांगायचं आणि थांबायचं. पुढचं बोलायची पाळी समोरच्याची. त्याची पाळी तुम्ही का खाता?"

मग त्यांनी सगळ्यांना घरचा अभ्यास दिला. रोज एका माणसाकडे एक गोष्ट मागायची, खरंच हवी असलेली, कुठल्याही भाषेत, आणि मागून झालं की तोंड मिटायचं. कारणं द्यायची नाहीत.

आत्याला तोंड मिटणं हे बोलण्यापेक्षा जड गेलं. दुकानात मालकाला ती म्हणाली, "मशीनवर दिवा जरा खाली हवाय, करून देता का?" आणि थांबली. मालकाने वर पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वेळात आत्याच्या मनात तीन वेळा दिवा राहू देऊन झाला होता. पण तोंडात टाचण्या आहेत असं समजून ती गप्प बसली. मालक म्हणाला, "आधी नाही का सांगायचं?" आणि दुपारपर्यंत दिवा खाली आला. काळ्या कापडावरचा काळा दोरा तिला कितीतरी वर्षांनी नीट दिसला. तो दिसल्यावर तिला आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ रागही आला. कोणाचा राग ते तिला कळेना. मालकाने तर एका शब्दात दिवा दिला होता.

हा राग तिने घरी नेला. घरी भाचीची खोली रिकामी होती. खिडकी, खिडकीशी कॉट, भिंतीत कपाट. दार लोटलेलं असे. क्लासमधली भाचीची जागा आत्याकडे कशी अगदी न बोलता आली, पण खोलीचं नाव निघालं की दादा म्हणे तिथे माझं टेबल लावतो आणि वहिनी म्हणे पाहुण्यांसाठी ठेवू. दोघांचा वाद रंगे आणि आत्या दोघांना चहा देई. वाईट मनाने कोणी काही करत नव्हतं. ती दिवाणावर झोपते हे दोघांना इतकं माहीत होतं की दिसतच नव्हतं.

पुढच्या वेळी क्लासमध्ये तिची पाळी आली तेव्हा तिने बाईंना दोनतीन शब्द विचारून घेतले, काउंटरसमोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "मे गुस्तारिया तेनेर मि प्रोपिया आबितासिओन." मला माझी स्वतःची खोली असलेली आवडेल. आणि थांबली.

"खरं?" बाईंनी विचारलं.

"खरं."

"मग मला काय सांगता? माझ्याकडे कुठे खोली आहे?"

रविवारी दादाने सुतार आणला. आधी माप घेऊ, टेबल की पाहुण्यांसाठी मोठा पलंग ते मागाहून ठरवू, असं नवराबायकोत ठरलं होतं. टेपचं दुसरं टोक धरायला अर्थात आत्या. ती भिंतीला टोक टेकवून वाकली होती, तेवढ्यात सुताराने सहज विचारलं, खोली वापरणार कोण? तसं कोणी नाही, वहिनी म्हणाली, पाहुण्यारावळ्यांसाठी.

आत्या उभी राहिली. टेप सटकन सुताराच्या हातात गुंडाळली गेली.

"दादा, ही खोली मला मिळाली तर फार आवडेल," ती म्हणाली.

दादा हसला. "तुला गं कशाला? दिवसभर तर दुकानात असतेस."

हे कारण मागणं होतं. आत्याजवळ कारणं रगड होती. टीव्ही, पाठ, पेपर, दिवाणाखालच्या कप्प्यात चुरगळणारे कपडे. तिने एकही दिलं नाही.

"राहायला," ती म्हणाली.

"अहो ताई, पण पाहुणे आले तर झोपतील कुठे?" वहिनीने विचारलं.

"दिवाणावर. चांगला आहे. मी झोपून पाहिलाय."

सुताराला खोकला आला. दादाचं हसू मावळलं. "बघू," तो म्हणाला.

त्या घरात 'बघू'चा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. एरवी आत्या इथे मागे सरली असती.

"बघू नको, दादा. हो म्हण, नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालास तर मी रागावणार नाही, दुसरीकडे खोली शोधेन. पण उत्तर दे."

वहिनीचा चेहरा पडला. "आमचं काही कमी पडलं का हो?"

"तुमचं काही कमी पडलं नाही, वहिनी," आत्या म्हणाली. आवाज काउंटरवर वापरायची तसाच मऊ होता. "मीच मागितलं नव्हतं. आता मागतेय."

दादा तरातरा बाहेर निघून गेला. सुताराने मापं कागदावर उतरवली, नमस्कार केला आणि कळवा म्हणाला.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. दादा आत्याशी बोलेना. मीठ हवं असलं तरी वहिनीकडे मागे, ते आत्याच्या हातापाशी असताना. वहिनी दोघांच्या मधे मीठ सरकवत राही. एका संध्याकाळी ओट्याशी ती आत्याला हळूच म्हणाली की ताई, तुम्ही एक शब्द टाका, विषय मिटवा. कुठला शब्द, हे दोघींनाही माहीत होतं. आत्याच्या जिभेवर तो रोज निजताना यायचाच. दिवाणावर पडल्या पडल्या ती दाराआडच्या खोलीकडे बघे आणि तिला वाटे, काय हे, म्हातारपणी भावाशी अबोला, कशासाठी, चार भिंतींसाठी. मग ती कूस बदले. पाळी दादाची होती. त्याची पाळी आपण खायची नाही.

तिने घरात आदळआपट केली नाही की रुसून जेवण टाकलं नाही. चहा करून दादापुढे ठेवी, आपला कप घेऊन समोर बसे. पूर्वी ती चहा ओट्याशी उभ्याने पीत असे. दुपारच्या सुट्टीत दुकानाजवळच्या दोन इमारतींत भाड्याची खोली आहे का म्हणून तिने खरोखर चौकशी केली, आणि घरी ते लपवलंही नाही. क्लासमध्ये आचाऱ्याने विचारलं, "काय आत्या, खोली मिळाली का?" ती म्हणाली, "मागितली." आचाऱ्याने मान डोलावली. त्याने स्वतः जहाजाच्या कप्तानाकडे झोपायच्या वरच्या बंकची मागणी केली होती आणि अजून उत्तर आलं नव्हतं.

शेवटी एका सकाळी दादा पेपर न उघडता तसाच उभा राहिला. आत्या दिवाणावर उठून बसली होती, चादरीची घडी घालत होती. दादाने आधी चादरीकडे पाहिलं, मग दिवाणाकडे, जणू तो नवीनच आणलाय.

"सुताराचा फोन आला होता," तो म्हणाला. "काय सांगू त्याला?"

"तू काय ठरवलंस?"

"काय ठरवणार? घे ती खोली." त्याचा सूर रुक्षच होता. "सुताराला नको म्हणून सांगतो."

"नको म्हणू नकोस. कपाटाला आतून लांब आरसा हवाय मला. पैसे मी देईन."

दादाने कपाळाला हात लावला. एवढी वर्षं जिला वाढताना पुरेसं का म्हणून विचारावं लागलं नाही, तिच्याकडे तो बघत राहिला. आतून वहिनी हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली होती.

"अजून काही हुकूम?" दादाने टोमणा मारला.

आत्याने चादर मांडीवर ठेवली आणि खरंच विचार केला. तिला घाई नव्हती. प्रश्न त्याने विचारला होता, तेव्हा आता थांबायचं त्याने.

"हो," ती म्हणाली. "दाराला आतून कडी."